गुडघाभर गवतातली मोजणी

लल्वर्थ स्किपर हे फुलपाखरू दिसायला अगदी साधं आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अपेक्षाभंग नको. पंख पूर्ण पसरले तरी जेमतेम अडीच सेंटिमीटर. रंग मातकट तपकिरी, त्यात किंचित हिरवट झाक. लहानपणी अंगणातल्या कढीपत्त्यावर मोठाली काळी फुलपाखरं बघितलेला माणूस याच्यासाठी मान वळवण्याचेही कष्ट घेणार नाही. तरी ब्रिटनमधले फुलपाखरूवेडे याच्यासाठी शेकडो मैल गाडी चालवत येतात. कारण या देशात ते डॉर्सेटच्या दक्षिण किनाऱ्याखेरीज कुठेच नाही. पश्चिमेला वेमथ, पूर्वेला स्वॉनेज आणि मधली खडूची व चुनखडीची टेकाडं, संपलं राज्य.

१८३२ साली जेम्स चार्ल्स डेल या डॉर्सेटच्याच कीटक-संग्राहकाला ते डर्डल डोअरजवळ सापडलं आणि शेजारच्या लल्वर्थ गावाचं नाव त्याला चिकटलं. डर्डल डोअर म्हणजे समुद्रात उभी असलेली ती प्रसिद्ध चुनखडीची कमान. इंग्लंडच्या कुठल्याही कॅलेंडरवर ती एका महिन्यात तरी असतेच. हा सगळा किनारा, सुमारे १५४ किलोमीटरचा, ‘ज्युरासिक कोस्ट’ म्हणून २००१पासून जागतिक वारसा यादीत आहे. कड्यांमध्ये साडेअठरा कोटी वर्षांचे थर एकावर एक उघडे पडलेले दिसतात. कामानिमित्त मी डॉर्सेटला राहायला आलो तेव्हा पहिल्या वर्षी मीही सगळ्यांसारखा त्या कमानीचेच फोटो काढले. ज्या गवतात पाय रोवून फोटो काढत होतो त्या गवतात काय आहे, हे कळायला फुलपाखरांची मोजणी करणाऱ्यांच्या तावडीत सापडावं लागलं.

‘दुर्मीळ’ या विशेषणाबद्दल थोडं. मध्य आणि दक्षिण युरोपात, उत्तर आफ्रिकेतही हेच फुलपाखरू उडतं. त्याचा जगातला प्रदेश मोठा आहे आणि इंग्लंडचा दक्षिण किनारा ही त्या प्रदेशाची उत्तरेकडची कड आहे. कडेवर जगणाऱ्या जीवाला ऊन, उतार, वारा आणि गवत असं सगळंच जुळून यावं लागतं. प्रदेशाच्या मध्यभागी जे खपून जातं ते इथे खपत नाही. म्हणून काही बिघडत असेल तर ते आधी इथे दिसतं, आणि म्हणूनच ते इथे मोजायचं. हे कारण मला पटलं. ‘ब्रिटनचा अनमोल ठेवा’ वगैरे भाषेने मी गेलो नसतो.

प्रशिक्षण एका सभागृहात झालं. बाहेर पाऊस, आत पंधरा-वीस माणसं, बहुतेक निवृत्त. पडद्यावर एकामागून एक तपकिरी-नारिंगी फुलपाखरं येत होती आणि ती सगळी मला सारखीच दिसत होती. स्किपर हे कूळच तसं आहे. बुटकं जाड शरीर, मोठे डोळे आणि उडणं इतकं झपाट्याचं की नजर पोहोचेपर्यंत ते तिथून गेलेलं असतं. यातल्या नारिंगी मंडळींची बसायची पद्धत खास असते, पुढचे पंख अर्धवट उचललेले आणि मागचे आडवे पसरलेले. हे दिसलं की कूळ ठरतं. खरी पंचाईत पुढे सुरू होते.

आमच्या किनाऱ्यावर जुलैत चार स्किपर एकाच वेळी हजर असतात. लार्ज स्किपर त्यातल्या त्यात सोपा, पंखांवर चौकड्यांची नक्षी असते. स्मॉल आणि एसेक्स या दोघांत फरक काय, तर मिश्यांच्या टोकाची खालची बाजू. स्मॉलची ती तांबूस, एसेक्सची काळी, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी. हे बघायचं तर फुलपाखराच्या समोर जाऊन, खाली वाकून, त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. तेवढ्यात त्याने उडू नये हा नशिबाचा भाग. चौथा आपला लल्वर्थ. त्याची मादी ओळखायला सुंदर. पुढच्या पंखांवर फिकट सोनेरी रेघांची कमान असते, लहान मुलं कागदावर सूर्याचे किरण काढतात तशी. नराच्या अंगावर ती कमान नसते, असली तर जेमतेम. तो नुसता काळपट आणि छोटा. मोसमाच्या शेवटी पंख झिजून खवले उडाले की नर-मादी दोघंही एकाच रंगाचे होतात, तो रंग म्हणजे वाळलेलं गवत.

मला ज्यांच्या जोडीला दिलं ते गृहस्थ हा मार्ग कित्येक वर्षं चालत होते. उंच, वाकलेले, खिशात पेन्सिलींचे तुकडे. मनातल्या मनात मी त्यांना मुकादम म्हणायचो, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी माझा कॅमेरा गाडीत ठेवायला लावला. “फोटो काढायला थांबलात की तुम्ही मोजणारे राहत नाही, पाहुणे होता,” असं काहीसं ते म्हणाले. मी विचारलं, “आणि ओळख पटली नाही तर?” ते म्हणाले, “फॉर्मवर ‘स्मॉल किंवा एसेक्स’ असा रकाना आहे. ‘बहुतेक लल्वर्थ’ असा नाही.”

हे वाक्य पुढे मला फार उपयोगी पडलं. दुर्मीळ गोष्ट शोधायला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांना ती जिथे तिथे दिसू लागते. प्रत्येक काळपट स्किपर मनाने आधीच लल्वर्थ झालेला असतो. त्या फॉर्ममध्ये मनाच्या समाधानासाठी रकाना नाही, हे डोक्यात असलं की माणूस आपोआप खाली वाकून नीट बघतो.

चालण्याची रीत ठरलेली आहे. ब्रिटनमध्ये १९७६पासून फुलपाखरांच्या देशव्यापी नोंदी ठेवल्या जातात आणि त्या एर्नी पोलार्ड या शास्त्रज्ञाने बसवलेल्या पद्धतीने. मार्ग एकदा आखला की वर्षानुवर्षं तोच. तो टप्प्यांत वाटलेला, प्रत्येक टप्प्यावर गवत वा झुडपं वेगळी. आपण एका गतीने चालायचं आणि आपल्यापुढे एक अदृश्य पेटी धरली आहे असं समजायचं. डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर, समोर पाच मीटर. पेटीत आलेलं फुलपाखरू मोजायचं. पेटीबाहेरचं, भले ते लल्वर्थची ठळक कमानवाली मादी असो, मोजायचं नाही. मागून पुढे आलेलं मोजायचं नाही.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला तो शुद्ध कारकुनीपणा वाटला होता. समोर दहा मीटरवर ओरेगानोच्या झुडपावर चार-पाच लल्वर्थ बसलेत, आणि आपण ती जागा डाव्या हाताला सोडून सरळ जायचं? पण यातलं मर्म असं की आपल्याला एकूण किती फुलपाखरं आहेत हे मुळात कळणारच नाही. कळू शकतं ते एवढंच की गेल्या वर्षी याच पट्ट्यात, याच गतीने, अशाच उन्हात जितकी दिसली त्यापेक्षा यंदा कमी की जास्त. पेटी दरवर्षी थोडी थोडी रुंद होत गेली तर कागदावर फुलपाखरं वाढलेली दिसतील आणि टेकडीवर ती संपत आलेली असतील.

ऊन-वाऱ्याचे नियमही तसेच. पावणेअकरा ते पावणेचार या वेळेतच चालायचं. तापमान तेराच्या खाली असेल तर घरी बसा. तेरा ते सतरा असेल तर किमान साठ टक्के ऊन हवं. सतराच्या वर ढग चालतात. वारा ब्यूफोर्ट मापावर पाचाच्या आत. हा ब्यूफोर्ट आकडा ठरवायला पुस्तकात झाडांच्या फांद्या किती हलतात ते बघायला सांगितलंय, पण कड्यावर झाडं आहेत कुठे? मुकादम समुद्राकडे बघायचे. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस इकडे तिकडे दिसला तर चला. सगळं पाणी पांढरं दिसायला लागलं तर थर्मास उघडा.

थर्मास बऱ्याचदा उघडला गेला. या किनाऱ्यावर आणखी एक त्रास म्हणजे समुद्रावरून येणारं धुकं. गावात लख्ख ऊन असतं, अंदाजही चांगला असतो, आणि कड्यावर पोहोचावं तर खालून पांढरा पडदा वर चढत असतो. दहा मिनिटांत हवा इतकी गार होते की गवतावरची सगळी फुलपाखरं पंख मिटून देठांना लटकतात. ती तिथे असतातच, पण न उडणारं फुलपाखरू मोजणीच्या लेखी नसतं. मग गाडी वळवून परत.

हंगाम १ एप्रिल ते २९ सप्टेंबर, म्हणजे सव्वीस आठवडे, आणि दर आठवड्याला एक फेरी अपेक्षित. लल्वर्थ स्किपर मात्र जूनच्या अखेरीस बाहेर येतं आणि मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट या काळात भरात असतं. म्हणजे ज्याच्यासाठी आपण आलो त्याच्या रकान्यात पहिले तीन महिने शून्य. मला वाटायचं की एप्रिल-मेमध्ये हे कशाला? मुकादमांचं उत्तर असं की आपल्याला लल्वर्थ हवं म्हणून टेकडी फक्त लल्वर्थसाठी नाही. शिवाय शून्य लिहिणारा माणूस तिथे होता, हेही त्या शून्यात असतं. कोरा रकाना आणि शून्य यांत दिवस-रात्रीचा फरक आहे. कोरा म्हणजे कुणी गेलंच नाही.

जुलैच्या एका शनिवारी मुकादम मला जोडमार्गावर घेऊन गेले, लल्वर्थच्या मोठ्या वाहनतळावरून डर्डल डोअरकडे जाणाऱ्या टेकडीवर. ही इंग्लंडमधली बहुधा सर्वांत तुडवलेली पायवाट असावी. खडूचा पांढरा रस्ता, त्यावर माणसांची रीघ, बाबागाड्या, कुत्री, आइस्क्रीम, चपला घालून आलेली आणि पश्चात्ताप करणारी मंडळी. आम्ही दोघं फॉर्म लावलेल्या पाट्या घेऊन कडेच्या गवतातून मुंगीच्या गतीने चाललो होतो. तीन-चार जणांनी तरी थांबवून विचारलं, काही हरवलंय का? एका छोट्या मुलीने विचारलं की तुम्ही पोलीस आहात का. मुकादमांनी तिला गुडघ्यावर बसवून स्किपरची कमानवाली मादी दाखवली. तिने दोन सेकंद बघितलं आणि म्हणाली, “छोटं आहे.” मत अगदी योग्य होतं.

त्या गर्दीत मला एक गोष्ट उमगली. पायवाटेपासून हातभर अंतरावर गवत पायदळी तुडवलेलं, आखूड. तिथे लल्वर्थ नाही. दोन हात आत गवत गुडघ्याला लागतं आणि तिथे ते सुरू होतं. हजारो माणसं रोज एका दुर्मीळ फुलपाखराच्या दोन हातांवरून जातात. त्याला त्यांचा त्रासही नाही, कारण त्याचा सगळा संसार त्या उंच झुपक्यांत आहे.

ते गवत म्हणजे टॉर गवत. खरं तर या लेखाचा नायक तेच आहे. पिवळट-हिरवं, खरखरीत, झुपक्या-झुपक्यांनी पसरणारं. कोवळं असताना गुरं खातात, जुनं झालं की तोंड लावत नाहीत. एकदा पसरलं की खालच्या नाजूक रानफुलांना दाबून टाकतं. खडूच्या कुरणांची निगा राखणारे लोक इतर ठिकाणी याच्या नावाने बोटं मोडतात, त्याला हटवण्यासाठी धडपडतात. आणि लल्वर्थ स्किपरची अळी मात्र ब्रिटनमध्ये फक्त हेच गवत खाते. तेही कुठलंही चालत नाही. जेरेमी टॉमस यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की मादी अंडी घालायला उंच वाढलेले, साधारण तीस सेंटिमीटरहून उंच झुपके निवडते, आणि तेही दक्षिणेकडे तोंड असलेल्या, वाऱ्यापासून आडोसा मिळालेल्या उतारावर.

म्हणून आमच्या सर्वेक्षणात वर्षातून काही वेळा गवताची उंची मोजण्याचंही काम असतं. मोजपट्टीवर सरकणारी एक हलकी चकती गवतावर सोडायची, ती जिथे टेकते तो आकडा लिहायचा, चार पावलं पुढे जायचं, पुन्हा सोडायची. यापेक्षा कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. पण महिनाभराने दोन्ही तक्ते शेजारी ठेवले तेव्हा फुलपाखरांचा तक्ता बघायची जवळजवळ गरजच नव्हती. गवताच्या आकड्यांवरून कुठल्या टप्प्यात लल्वर्थ असणार ते सांगता येत होतं. तेव्हापासून मी टेकडीवर गेलो की आधी गवत बघतो, फुलपाखरू नंतर.

गवताची ही उंची कोण ठरवतं? एके काळी ससे ठरवायचे. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये आला आणि काही वर्षांतच देशातले बहुतेक सगळे ससे मेले. टेकड्यांवरचं गवत कुरतडणारं कुणी उरलं नाही. ते वाढलं आणि त्याबरोबर लल्वर्थ स्किपरही वाढलं. त्याच उतारांवर राहणाऱ्या ॲडोनिस ब्लू या निळ्याशार फुलपाखराचं मात्र कंबरडं मोडलं. त्याला गालिच्यासारखं आखूड, उन्हाने तापणारं गवत लागतं, कारण त्याच्या अळीची वनस्पती अशाच जागी तगते. एकाच रोगाने एकाची चंगळ आणि दुसऱ्याची उपासमार. पुढे ससे सावरले, गुरं परत आणली गेली, तसा काटा दुसरीकडे झुकला. निसर्ग जपायचा म्हणजे नेमकं कुणाला जपायचं, हा प्रश्न पुस्तकात तात्त्विक वाटतो. टेकडीवर तो चौतीस सेंटिमीटर की चार सेंटिमीटर, इतका रोकडा असतो.

आमच्या मार्गावरच्या सहाव्या टप्प्यावरून असाच वाद चालू आहे. तिथे कुणी चरायला येत नाही म्हणून गवत भरपूर आहे, पण मागून काटेरी झुडपं सरकत चालली आहेत. ती वाढली की सावली पडणार आणि लल्वर्थ जाणार. सरळ उपाय म्हणजे शरद ऋतूत सगळं छाटून साफ करणं. पण मादी अंडी घालते टॉर गवताच्या वाळलेल्या तुऱ्याच्या देठाभोवतीच्या वेष्टनात, ओळीने. तीनेक आठवड्यांत अळी बाहेर येते, अंड्याचं कवच खाते, आणि दुसरं काही न खाता तिथेच दाट पांढरं रेशीम गुंडाळून झोपते ती थेट एप्रिलपर्यंत. म्हणजे ऑक्टोबरात जे वाळलेलं, मेलेलं गवत आपण साफ करून नेऊ, त्यातच पुढच्या वर्षीची सगळी फुलपाखरं झोपलेली असतात. मुकादमांचं मत असं की मेंढ्या नकोत, त्या सगळं सपाट करतात. थोड्या गायी सोडाव्यात, त्या झुपके राखून मधलं खातात, आणि झुडपं माणसांनी हाताने तोडावीत, एका वर्षी एकच तुकडा. मलाही ते पटतं. पण हाताने झुडपं तोडणं म्हणजे नोव्हेंबरच्या पावसात काटे काढत बसणं, आणि त्या कामाला मोजणीइतके उत्साही लोक मिळत नाहीत.

लल्वर्थच्या पूर्वेला गेलं की वेगळीच दुनिया सुरू होते. तिथला किनारा सैन्याच्या ताब्यात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तिथे रणगाड्यांचा नेमबाजीचा सराव चालतो. लाल बावटा वर असेल तर प्रवेश नाही. बहुतेक शनिवार-रविवारी वाटा लोकांना खुल्या असतात, तेव्हाही पिवळ्या खुंट्यांच्या मधूनच चालायचं आणि जमिनीवरच्या कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावायचा नाही. मोजणारा माणूस झाला म्हणून त्याला सूट नाही. खुंटीपलीकडे अप्रतिम झुपके दिसत असतात, त्यांच्यावर उडणारे स्किपरही दिसतात, आणि आपण वाटेवर उभं राहून दुर्बिणीतून बघतो. मुकादम एकदा म्हणाले की अदृश्य पेटीचा नियम इथे पाळायला सर्वांत सोपा, कारण मोडला तर पाय जाईल.

पण कुरण म्हणून पाहिलं तर तो भाग थक्क करणारा आहे. गेल्या शतकात इंग्लंडभर जुनी कुरणं नांगरली गेली, खतं पडली, रानफुलं गेली. तोफांच्या माऱ्याखालच्या जमिनीवर कुणी नांगर घातला नाही की खत टाकलं नाही. बिंडन हिलवरून वर्बॅरोच्या उपसागराकडे बघितलं की खाली पांढरे कडे, हिरवट-निळं पाणी, आणि मध्ये पसरलेलं पिवळं टॉर गवत. ऑगस्टमध्ये त्या उतारांवर जांभळा ओरेगानो फुललेला असतो आणि त्यावर मार्बल्ड व्हाइट, चॉकहिल ब्लू आणि स्किपर यांची झुंबड.

इथल्या निसर्गप्रेमींत एक वाक्य फार चालतं की सैन्याइतका चांगला संवर्धक नाही. मला ते गोड मानून घेता येत नाही. त्याच भागात टाइनम नावाचं गाव आहे. डिसेंबर १९४३मध्ये सरावासाठी ते रिकामं करवलं गेलं. लोक जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावून गेले, आमच्या घरांची काळजी घ्या, आम्ही एक दिवस परत येऊ. युद्ध संपलं, १९४८मध्ये सरकारने जमीन सक्तीने विकत घेतली, आणि परत कुणीच आलं नाही. आज छपरं नसलेल्या घरांच्या भिंती आहेत आणि शाळा व चर्च पाहुण्यांसाठी नीट जपलेली आहेत. धरणांखाली गावं गेलेल्या मुलखातून आलेल्या माणसाला ती चिठ्ठी समजावून सांगावी लागत नाही. फुलपाखरं वाचली हे खरं, पण त्यासाठी टाळ्या वाजवताना हात जरा अडखळतो.

वसंतातलं काम सगळ्यांत कमी लोकांना आवडतं, मला मात्र तेच आवडायला लागलं. एप्रिल-मेमध्ये अळ्या जाग्या होतात. तेव्हा उडणारं काहीच नसतं, नुसतं गवताच्या पात्यांत तोंड घालून शोधायचं. लल्वर्थची लहान अळी पात्याच्या दोन्ही कडा रेशमाने शिवून नळी करते आणि तिच्यात राहते. नळीच्या वर आणि खाली पातं खाल्लेलं असतं, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा. एकदा त्या खाचा ओळखायला लागलं की मग दिसतच जातात. फिकट हिरवी अळी हिरव्या पात्यात दिसत नाही, तिच्या जेवणाच्या खुणा दिसतात. गुडघे ओले, पाठीला वारा, वर आकाशात चंडोलाची अखंड टकळी, आणि कड्याच्या टोकाशी अर्ली स्पायडर ऑर्किडची ठेंगणी फुलं. ते ऑर्किडही या देशात मोजक्याच ठिकाणी आहे, पण आमच्या फॉर्मवर त्याला रकाना नसल्याने ते नुसतं बघायचं. घरी गेल्यावर मोजे, कॉलर, कानामागे गोचीड शोधायची. हा भाग कुठल्याच सुंदर फोटोत येत नाही.

नोंदी संगणकावर चढवणं हे काम रात्री जेवणानंतरचं. तारीख, वेळ, ऊन, वारा, मग टप्प्यागणिक आकडे. देशभरातले असे हजारो मार्ग एकत्र करून दरवर्षी प्रत्येक जातीचा निर्देशांक काढला जातो. लल्वर्थ स्किपरचा दीर्घकालीन कल घसरणीचा आहे. तो आलेख बघितला की आमच्या टेकडीवरचा एखादा भरघोस जुलै त्यात कुठे बसतो ते कळतं. या फुलपाखराची संख्या वर्षागणिक प्रचंड वरखाली होते. एखाद्या उन्हाळ्यात पेन्सिलीच्या रेघा काढता काढता पान भरतं, पुढच्या उन्हाळ्यात त्याच उतारावर बोटांवर मोजावी लागतात. त्यामुळे एका चांगल्या वर्षावरून आनंदाने उड्या मारायची नाही आणि एका वाईट वर्षावरून गळाही काढायचा नाही, हे मुकादमांचं धोरण. मी अजून दोन्ही करतो.

यंदापासून तो मार्ग माझ्या नावावर झाला. मुकादमांचे गुडघे उतारावर साथ देत नाहीत. ते आता वाहनतळाजवळच्या सपाट टप्प्यापुरते येतात आणि माझा फॉर्म परत आल्यावर तपासतात. सहाव्या टप्प्याचा आकडा आधी बघतात.

तुमच्यापैकी कुणी इंग्लंडला येणार असाल आणि हे फुलपाखरू बघायचंच असेल, तर जुलैचा शेवटचा किंवा ऑगस्टचा पहिला आठवडा धरा. दुपारी बाराच्या सुमारास, वारा कमी असलेल्या दिवशी, डर्डल डोअरच्या वाटेवर कमानीकडे पाठ करून उभे राहा आणि वाटेच्या कडेच्या उंच पिवळट गवतात जांभळी ओरेगानोची फुलं शोधा. तिथे थांबा, चालू नका. पूर्वेकडच्या लष्करी भागात जायचं असेल तर कुठल्या दिवशी वाटा खुल्या आहेत ते आधी बघून ठेवा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि लांब मोजे घाला, जाळी आणू नका. आणि पाटी घेतलेला एखादा माणूस गवतातून हळूहळू येताना दिसला, तर त्याच्यासमोर पाच मीटर मोकळे सोडा.